चेनला तेल लावू नये

माणसाने लावलेल्या शोधांपैकी चाक, अग्नी आणि शेती यांचं उगाच फार कौतुक झालं; माणसाला खऱ्या अर्थाने माणसात आणलं ते चेनने. एकमेकींचं तोंड बघायला तयार नसलेल्या दोन बाजू एका चिमुकल्या रनरच्या मध्यस्थीने दाताला दात लावून गुण्यागोविंदाने नांदू लागतात, याहून मोठी संस्कृती ती कोणती?

हा विचार मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पस्तीस मिनिटांनी त्याला एकच उत्तर आलं: "काका, आज पाणी किती वाजता सोडणार?"

शांती नगरच्या आमच्या सेक्टरमध्ये मला 'चेनवाले काका' म्हणतात. विमा कंपनीत छत्तीस वर्षं नोकरी केली, तिथे मला कोणी कसलाच काका म्हटलं नाही. निवृत्त झाल्यावर समोरच्या हंसाबेनच्या नातीच्या दप्तराची चेन सोडवून दिली आणि बातमी फुटली. आता पर्सा येतात, जीन्स येतात, गाद्यांची कव्हरं येतात. लग्नाच्या मोसमात पाठीला चेन असलेले ब्लाउज येतात, तेही मुहूर्ताला अर्धा तास उरलेला असताना. माझी सगळी अवजारं बिस्किटांच्या एका डब्यात मावतात: मेणबत्तीचं थोटूक, पेन्सिल, सुकून चकती झालेला साबण, जुना टूथब्रश, पकड आणि सेफ्टी पिना. "नोकरीत फायली उघडल्या नाहीत," असं माझी बायको वैजयंता येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, "आता तुमच्या पर्सा उघडत बसलेत."

ज्ञान लपवू नये म्हणून सांगतो. चेन घट्ट झाली तर जोर लावू नये. दातांवरून पेन्सिलचं टोक चार-पाचदा फिरवावं. शिसं दातांत बसतं आणि रनर सरकू लागतो. पेन्सिल नसेल तर मेणबत्ती घासावी, तीही नसेल तर कोरडा साबण. कापड अडकलं असेल तर रनर पुढे रेटायचा नाही. कापड आडवं ताणून धरायचं आणि रनर हळूहळू मागे घ्यायचा. उत्तनकडे राहणाऱ्यांच्या पितळी चेना खाऱ्या हवेने हिरव्या पडतात, त्या व्हिनेगरमध्ये ब्रश बुडवून घासायच्या आणि पुसून कोरड्या करायच्या. बॅग कोंबून भरायची नाही. कपडे धुवायला टाकताना चेन लावून टाकायचे. एवढं पाळलं तर चेन अडकतच नाही, म्हणून हे शेवटचं मी फारसं कोणाला सांगत नाही.

आणि चेनला तेल लावायचं नाही. हे मात्र मी सगळ्यांना सांगतो. कुठे शिकलो, ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं तो माझा धाकटा भाऊ शिवा गेले आठ दिवस माझ्याच घरात काळा चष्मा लावून बसला होता.

शिवा चौसष्ट वर्षांचा आहे. कणकवलीजवळच्या एका शाळेत क्लार्क होता, आता निवृत्त आहे, लग्न केलं नाही. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला तो आमच्याकडे आला होता. तब्बल नऊ वर्षांनी. या नऊ वर्षांत घरात पाच लग्नं झाली, दोन बारशी झाली, एक वास्तुशांत झाली. प्रत्येक वेळी शिवाला शाळेत काहीतरी काम निघालं. निवृत्त झाल्यावरही निघत राहिलं, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती.

शंका आली ती माझी मुलगी क्षितिजा बोलली तेव्हा. गेल्या वर्षी एका लग्नात पंगतीत माझा नेहमीचा किस्सा सांगून झाला, लोक हसले, आणि ही हात धुताना मला म्हणाली, "बाबा, शिवाकाका का येत नाहीत, माहितीये? हे ऐकायला लागतं म्हणून."

"अगं, तो तर स्वतः हसतो."

"मग काय रडेल का पंगतीत बसून?"

तो किस्सा असा. सन शहाऐंशी, जानेवारी महिना. शिवासाठी मुलगी बघायला आम्ही भाईंदरला निघालो. मुलीचं नाव शैला. निघायच्या वेळी शिवाच्या नव्या राखाडी पँटची चेन अर्ध्यावर अडकली, तर या पठ्ठ्याने काय करावं? खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि ओतली! भाईंदरला पोचेपर्यंत पुढच्या बाजूला हा एवढा डाग. (इथे मी हाताने डाग दाखवतो. सुरुवातीला तो रुपयाएवढा होता. गेल्या लग्नात जेवणाच्या ताटाएवढा झाला होता.) मुलीच्या काकांनी म्हटलं, "या, गॅलरीतून मिठागरं दाखवतो." शिवा उठेना. मिठाचे ढीग असे पांढरेशुभ्र दिसतात, या तर खरे! शिवा म्हणाला, "मी मीठ बघितलेलं आहे." शेवटी सगळेच उभे राहिले, तेव्हा याला उभं राहावं लागलं. मुलीच्या आजीने डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "मुलाला काही दुखणं आहे का हो?" तेव्हा मी म्हणालो, "नाही आजी, आमचा शिवा वक्तशीर आहे. डोक्याला तेल लावायला वेळ मिळाला नाही की तो मिळेल तिथे लावतो."

इथे लोक हसतात. भाईंदरलाही सगळे हसले होते. शैला हसली नव्हती, पण ते मी किश्श्यात घेत नाही. चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. इथे लोक पुन्हा हसतात.

अडतीस वर्षं सांगतोय मी हे. फक्त तेल शिवाने ओतलं नव्हतं. मी लावलं होतं.

त्या सकाळी शिवा आंघोळीला गेला होता. पँट दोरीवर होती. मी सहज चेन लावून बघितली, तर अर्ध्यावर जाऊन बसली. आता, आमच्या घरात खोबरेल तेल म्हणजे सर्व प्रश्नांचं उत्तर होतं. बाळाच्या टाळूला तेच, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेच, कानाला तेच, शिलाई मशीनलाही तेच. जानेवारीची थंडी, बाटलीतलं तेल थिजून पांढरं झालेलं. ओतायचा प्रश्नच नव्हता. मी बोटाने चांगला गोळा काढला आणि चेनमध्ये आतून दाबून बसवला. मेणासारखा छान बसला. कोरडाच्या कोरडा. चेन सरसर वर-खाली झाली. माझं मलाच कौतुक वाटलं. शिवाला सांगायचं राहून गेलं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पँट कोरडी होती, चेन चालत होती.

खोबरेल ऊब लागली की वितळतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला त्या सकाळी सुचलं नाही.

शैलाच्या घरी शिवा सोफ्यावर बसला आणि दहा मिनिटांनी मला तो डाग पसरताना दिसला. मी तेव्हाच बोलू शकलो असतो. "माझी चूक हो, मी तेल लावलं होतं," एवढं एकच वाक्य. पण आजीने विचारलं, आणि माझ्या तोंडातून विनोद गेला. माफी मागायची वेळ आणि टाळी मिळायची वेळ नेमकी एकच होती. मी टाळी घेतली. मग ती दर लग्नात घेत राहिलो.

तर शिवा घरी आला तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचं. पहिल्या दिवशी ऑपरेशन होतं, म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यावर पट्टी होती. पट्टी बांधलेल्या माणसाला असलं सांगू नये. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तर त्याला नीट दिसू लागलं, त्याचा आनंद कशाला घालवायचा? चौथ्या दिवशी भारताची मॅच होती. अशा सबळ कारणांनी सात दिवस गेले आणि रविवार उजाडला. संध्याकाळी साडेसातला काशिमिऱ्याहून त्याची कणकवलीची बस होती.

दुपारी जेवणं झाल्यावर वैजयंता उत्तनला निघाली, शिवाला बांधून द्यायला सुके बोंबील आणायला. समुद्राकाठच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला उत्तनचे बोंबील कशाला, असं मी विचारलं. "तिकडचे वेगळे, इकडचे वेगळे," ती म्हणाली. "आणि अहो, पाच वाजता त्यांचे ड्रॉप्स. बाटली फ्रिजवर आहे. झोपून राहाल." दार ओढून घेऊन ती गेली.

आम्ही दोघं मच्छरदाणीत आडवे झालो. ही मच्छरदाणी म्हणजे तंबू आहे. पलंगावर उघडून ठेवायची, खालून बंद, आत जायला एकच दार आणि त्याला चेन. आमच्याकडे खाडीच्या बाजूने डास दुपारी चारलाच कामावर येतात, आणि डॉक्टरांनी डोळा चोळायचा नाही म्हणून बजावलेलं. वैजयंताने दिवाळीत हौसेने घेतली होती. तिच्यावर हात टाकायची या घरात कोणाची छाती नाही. मच्छरदाणीवर म्हणतोय मी.

साडेचारला मला जाग आली. बाहेर यायला म्हणून मी चेन ओढली, तर जाळीचं कापड रनरमध्ये शिरलं आणि चेन गच्च बसली. चेनवाले काकांनी, झोपेच्या गुंगीत, जोर लावून ओढली होती.

"काय झालं दादा?" शिवा उठून बसला.

"काही नाही. जरा अडकली आहे."

"तुझी चेन अडकली?"

"माझी नाही. मच्छरदाणीची."

"तेच ते. अवजारं कुठे आहेत तुझी?"

"डब्यात."

"डबा?"

मी जाळीतून बोट दाखवलं. डबा कपाटावर होता. मोबाइल खिडकीत चार्जिंगला होता. कात्री स्वयंपाकघरात होती. सत्तर वर्षांचा मी आणि चौसष्ट वर्षांचा माझा भाऊ जगापासून पातळ जाळीच्या अंतरावर होतो.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"आत्मारामभाई!" हंसाबेनचा आवाज आला. "मेरे ट्रॅव्हल बॅग का चेन अटक गया है!"

"हंसाबेन, इधर भी अटका है!" मी ओरडलो.

"क्या बोला?"

"मैं मच्छरदानी में अटका है!"

बाहेर थोडा वेळ विचार झाला. "कोई बात नहीं, सोओ सोओ. मैं बाद में आती," असं म्हणून हंसाबेन गेल्या. मी आळशीपणा करतोय असा त्यांचा समज झाला असणार.

"फाडू का?" शिवाने विचारलं.

"वहिनीला तू तोंड देणार?"

"नको. सोडव मग."

उशाशी शोधाशोध केली. पेपर होता, शब्दकोड्याची पेन्सिल होती, कंगवा होता, बामची बाटली होती. शिवाच्या बनियनला आतून एक सेफ्टी पिन कायम टोचलेली असते. का, ते त्याला विचारायचं नाही. म्हणजे निम्मा दवाखाना हाताशी होता. मी पेन्सिलचं टोक दातांवर घासू लागलो आणि शिवाला कापड आडवं ताणून धरायला सांगितलं.

"एवढं घासण्यापेक्षा बाम लाव ना थोडा," शिवा म्हणाला. "तेलकट असतो. सरकेल."

"तेलकट काही लावायचं नाही!"

मी इतक्या जोराने ओरडलो की शिवाच्या हातून कापड सुटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, काळ्या चष्म्यातून. मग हसला. तेच, पंगतीतलं हसू.

"बरं बाबा. तेलाचं मला कोण शिकवणार? मी तर डिग्री घेतलेला माणूस."

मी खाली बघून पिनेने कापडाचा एकेक पदर रनरच्या तोंडातून उचकटू लागलो. याला घाई चालत नाही. पदर दिसला की पिन आडवी घालायची, किंचित उचलायचं, रनर एक दात मागे घ्यायचा, पुन्हा दुसरा पदर. घड्याळात पावणेपाच झाले. पाचला ड्रॉप्स. मग चहा, बॅग, वैजयंता, बोंबील, रिक्षा, काशिमिरा. मला नीट दिसत होतं की एकदा ही चेन उघडली की पुढच्या तासाभरात त्या वाक्याला कुठेच जागा नाही.

आणि तेवढ्यात शेवटचा पदर सुटला. रनर बोटाखाली अलगद हलला.

"सुटली?"

"नाही रे," मी म्हणालो आणि त्यावर तळहात ठेवला. "आहे अजून."

सत्तराव्या वर्षी मी माझ्या सख्ख्या भावाला मच्छरदाणीत कोंडून ठेवलं.

"शिवा," मी म्हणालो, "ते भाईंदरचं. शैलाकडचं."

"हं." त्याचं हसू तयारच होतं. सवयीने आधीच येऊन बसलं होतं चेहऱ्यावर.

"ते तेल मी लावलं होतं."

"कसलं तेल?"

"तुझ्या चेनला. तू आंघोळीला होतास. थिजलेलं होतं, मी आत गोळा बसवला. मला वाटलं तुझं काम केलं. तिथे जाऊन वितळलं. मला तिथेच कळलं होतं, पण मी बोललो नाही. उलट..." 'उलट' या शब्दापाशी मीच अडकलो.

मी वाट बघत होतो. खरं सांगतो, आठ दिवस मनात तालीम केली होती मी या प्रसंगाची, आणि त्या तालमीत शिवा दरवेळी म्हणायचा, "मला माहीत होतं रे दादा, सोड." मोठ्या मनाचा आहे तो. तो असं म्हणणार, मग माझे डोळे भरून येणार, आणि मग आम्ही चहा घेणार, इथवर सगळं ठरलेलं होतं.

शिवाने काळा चष्मा काढला.

"म्हणजे ते माझ्या हाताचं नव्हतं?"

"कुठलं?"

"तेल. मला वाटायचं माझ्या हाताचं. मी सकाळी डोक्याला चापून तेल लावलं होतं ना. त्याच हाताने पँट चढवली, चेन लावली. तेच लागलं असणार, असं मी धरून चाललो. तू गोष्टीत बाटली ओततोस ते वाढवून सांगतोस, हे कळायचं मला. पण मुळात तेल माझंच, असं..." त्याने केसांतून हात फिरवला. "म्हणून तर मी सोडलं."

"काय सोडलं?"

"डोक्याला तेल लावणं."

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शिवा डोक्याला तेल लावत नाही, त्याचे केस कायम नारळाच्या शेंडीसारखे उभे. आई असताना मागे लागायची. आम्ही त्याला फॅशन म्हणायचो.

"शिवा, बाकीची स्थळं..."

"तीन आली होती."

"तू नको म्हणालास. पगार कमी आहे म्हणालास."

"पगार कमी होताच." तो चष्म्याच्या काचा बनियनला पुसू लागला. "पण कुणाच्या घरी जाऊन बसायचं म्हटलं की वाटायचं, उठताना काही असलं तर? तिथेही कुणी काही बोललं तर? मी अजून कुठे बसलो की उठताना आधी खाली बघतो. शाळेत पोरं नक्कल करायची माझी."

आठ दिवस मी ते बघत होतो. जेवून उठताना, सोफ्यावरून उठताना, दवाखान्यातल्या बाकावरून उठताना शिवा आधी मान घालून स्वतःकडे बघायचा. मला वाटलं, डोळ्याचं आहे. वैजयंताला मी तसं सांगितलंसुद्धा: बघ, ऑपरेशननंतर अंदाज येत नाही बिचाऱ्याला.

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. रविवारी संध्याकाळी पाचला कोण कुकर लावतं, असा एक निरुपयोगी विचार माझ्या मनात आला. माणसाला लाज वाटली की असेच विचार येतात.

"तिने नाही म्हटलं ते डागामुळे असेल असं काही नाही," शिवाच म्हणाला. माझी समजूत काढत होता तो. माझी! "मी मिठागरं बघायला उठलो नाही, ते काकांना आवडलं नसेल."

"तू उठला नाहीस ते डागामुळे."

"हो. ते आहेच म्हणा."

"आणि मी जो विनोद केला..."

"विनोद चांगला होता," शिवा म्हणाला. "मी घरी येऊन बाथरूममध्ये एकदा हसलोसुद्धा. मग नाही हसलो." जाळीकडे बघत तो म्हणाला, "शैला मला दाराशी सोडायला आली होती. तुम्ही पुढे गेला होतात. म्हणाली, डागावर टाल्कम पावडर टाकून ठेवा, रात्रीत तेल ओढून घेते. एवढंच बोलली. मी पावडर टाकली. गेला डाग."

हे मला अडतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? शिवाला बोलायला मिळेल अशी फट मी किश्श्यात कुठे ठेवलीच नव्हती.

टाल्कम पावडरचा उपाय खरा आहे, हेही इथे नमूद करतो. डाग ताजा असताना टाकावी. फार उशीर झाला तर उपयोग होत नाही.

"दादा," शिवा म्हणाला.

"बोल."

"चेन मघाशीच सुटली ना?"

मी तळहात उचलला. त्याने हात पुढे करून रनर ओढला, चेन एका दमात सरसर उघडली, आणि तो पाय बाहेर टाकून उभा राहिला. उभं राहताना त्याने खाली बघितलं. मग आपण बघितलं हे मला दिसलं, असं त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने वर फ्रिजकडे बघितलं. "ड्रॉप्स," म्हणाला.

मी त्याला खुर्चीत बसवून मान मागे करायला लावली. पापणी ओढून धरली. इतक्या जवळून मी त्याचा चेहरा लहानपणी, त्याला गोवर झाला होता तेव्हा बघितला असेल. एकच थेंब टाकायचा होता, माझे दोन पडले, एक गालावर. "नेम चुकतोय तुझा," शिवा म्हणाला. "तूही डोळे तपासून घे."

सहाला वैजयंता आली. बोंबलांचा वास तिच्या आधी जिन्यातून वर आला. तिने पिशवीवर पिशवी, पिशवीवर पिशवी अशी चार वेष्टणं घातली, शिवाची बॅग आपल्या हाताने लावली, ड्रॉप्सच्या वेळा कागदावर लिहून त्याच्या खिशात घातल्या. "दुपारी झोपलात का नीट दोघं?" तिने विचारलं.

"झोपलो," शिवा म्हणाला.

रिक्षापर्यंत मी खाली सोडायला गेलो. रिक्षावाला काशिमिऱ्याला मीटरवर येईना, त्याच्याशी हिंदीत थोडं भांडण झालं, ते मिटलं. शिवा आत बसला, बॅग मांडीवर घेतली. आता निघणार, तर मी रिक्षाचा दांडा धरला.

"शिवा, ऐक. डिसेंबरमध्ये स्वप्नीलचं लग्न आहे." स्वप्नील म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. "मी तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. माइकवर. तेल मी लावलं होतं, शिवाने नाही. अडतीस वर्षं मी खोटं सांगितलं. एकेकाला सांगतो, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा टाकतो. तू फक्त ये. तुझ्यासमोर सांगायचंय मला."

बोलता बोलता माझा आवाज चढला असावा, कारण पाणीपुरीवाल्याकडचे दोघं-तिघं वळून बघू लागले. रिक्षावालाही आरशातून बघत होता.

"येशील ना?"

"बघतो," शिवा म्हणाला. नऊ वर्षं तो हेच म्हणत आलाय.

"बघतो नाही. ये."

त्याने काळा चष्मा नीट केला. रिक्षावाल्याने इंजिन चालू केलं.

"माइकवर नको रे काही," तो म्हणाला. "लग्न त्या पोराचं आहे. आणि लोकांना आता सवय झालीय त्या गोष्टीची, मध्येच बदललीस तर कुणाला कळायची पण नाही. तू सांग आपली नेहमीसारखी."

"अरे पण..."

"फक्त एक कर."

"बोल. काहीही सांग."

"तू ती पँट राखाडी होती म्हणतोस," शिवा म्हणाला. "बदामी होती. तेवढं नीट सांगत जा."